दुपारचे पिशाच्च

त्यांचे नाव मी इथे लिहिणार नाही. ते हयात आहेत, हे एक कारण. दुसरे असे की त्यांच्या परवानगीवाचून मी त्यांचे आधीच पुष्कळ वापरले आहे. नाव तेवढे उरले आहे. ते तरी त्यांच्यापाशी राहावे.

पुनावळ्याच्या ज्या सोसायटीत मी राहतो, तिथे लोक मला ‘सर’ म्हणतात. मी आयुष्यात कुठे शिकवलेले नाही. चाकणच्या एका कारखान्यात, नियोजन विभागात मी नोकरी करतो. ‘सर’ हे संबोधन मला महिन्यातल्या एका रविवारच्या दुपारने मिळवून दिले. त्या दुपारी आमच्या क्लबहाऊसचे पडदे ओढून मी लोकांना जुने भयपट दाखवतो. पिशाच्चांचे, ओसाड गढ्यांचे, धुक्याचे. चित्रपट सुरू होण्याआधी थोडे बोलतो. लोक म्हणतात, चित्रपटापेक्षा ते बोलणेच ऐकण्यासारखे असते. ते खरे आहे. फक्त ते बोलणे माझे नाही. ज्यांचे आहे, त्या गृहस्थांविषयी हे लिहीत आहे.

आमची ओळख कंपनीच्या बसमधली. कंपनीच्या बसमध्ये जागा कुणी वाटून देत नाही. पण पहिल्या आठवड्यात माणूस जिथे बसतो तिथेच तो निवृत्त होईपर्यंत बसतो. मी तेव्हा सांगवीत राहत असे आणि चिंचवडला येऊन बस पकडत असे. पहिल्या दिवशी एकच जागा रिकामी दिसली. खिडकीशी बसलेल्या एका उंच, कृश गृहस्थांच्या शेजारची. इतकी चांगली जागा रिकामी कशी, याचा उलगडा मोशी येईपर्यंत झाला.

“शेजारी,” ते म्हणाले. पुढची सगळी वर्षे त्यांनी मला याच नावाने हाक मारली. “तुमच्या लहानपणीच्या घरात अशी एखादी जागा होती का, की जिथं जायला नको वाटायचं?”

“होती,” मी म्हणालो. “न्हाणीघर.”

“का?”

“तिथं पाल असायची.”

त्यांनी फार निराशेने मान हलवली. “पालीवर माझ्याकडं काही नाही. नीट आठवून सांगा. घाई नाही, चाकण अजून लांब आहे.”

चित्रपट सुचवण्याची ही त्यांची पद्धत होती. ‘एखादा चांगला भुताचा पिक्चर सांगा’ असे म्हणून त्यांच्याकडून काही मिळत नसे. आधी माणसाची चौकशी होई, तीही अशा गोष्टींची की ज्या नातेवाईकसुद्धा विचारत नाहीत. रात्री उठल्यावर पाणी पिताना दिवा लावता की नाही? घरातल्या कुणाचा फोटो बघायला नको वाटतो? घरात कुणी परतून यावंसं वाटतं, की कुणी परतून येऊ नये असं वाटतं? या शेवटच्या प्रश्नावर अनेकजण जागा बदलत. ज्याने उत्तर दिले त्याला ते डोळे मिटून, बराच विचार करून एखादा चित्रपट सांगत. तोही असा काही, की कुणी नाव ऐकलेले नसे. बेटावरच्या एका घराचा, ज्यात भूत एकदाही दिसत नाही, फक्त फरशीवर ओली पावले उमटतात. किंवा एका गढीतल्या सरदाराचा, जो शतके मरत नाही आणि ज्याचा सबंध चित्रपटभर एकच उद्योग, पाहुण्यांची वाट बघणे.

अचानक किंचाळून घाबरवणाऱ्या चित्रपटांची त्यांना घृणा होती. “कुकरची शिट्टी वाजली तरी माणूस दचकतो. म्हणून कुकर काय कलावंत आहे?” ते रंगविभागात तपासणीला होते. रंगवलेल्या पत्र्यावर छटा बरोबर उतरली की नाही हे बघणे हे त्यांचे काम. त्यामुळे अंधार निळा दाखवलेला त्यांना खपत नसे. “निळा अंधार दिसला की मी उठतो,” ते म्हणत. “अंधाराला रंग द्यायचाच असेल तर तपकिरी द्या. जुन्या कपाटाच्या आतला.”

आणि चित्रपट बघायचा तो दुपारीच. यावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे. रात्री कुणीही घाबरतो, त्यात चित्रपटाचे कर्तृत्व काय? रविवारी वरणभात खाऊन, खिडकीला जाड चादर लावून, बाहेर भंगारवाला ओरडत असताना जो तुम्हाला हात पोटाशी घ्यायला लावतो तो खरा. मधे खायचे नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. थांबवायचा झाला तर एकदाच थांबवायचा, आणि पुन्हा लावाल तेव्हा जिथे थांबवलात तिथूनच पुढे बघायचा. धीर गोळा करायला मागे न्यायचा नाही.

चित्रपट आवडला का, असे त्यांनी कधी कुणाला विचारले नाही. सोमवारी बसमध्ये चढले की एकच प्रश्न असे. “कुठं थांबवलात?” त्यांचे म्हणणे, आवडीनिवडीबद्दल माणूस काहीही सांगतो, बोट कुठे थांबते ते मात्र खरे असते. आमच्या बसमधल्या एका हिशेबनीसाने जिना चढण्याच्या प्रसंगाला थांबवल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी हळूच विचारले, “वरच्या मजल्यावर कोण राहतं तुमच्या?” हिशेबनीस म्हणाला, “थोरला भाऊ.” 

दुसरी एक खोड होती. आत बोलावल्याशिवाय ते कुठल्याही खोलीत पाऊल टाकत नसत. दार सताड उघडे असले तरी उंबरठ्याबाहेर उभे राहत आणि ‘या’ म्हणेपर्यंत हलत नसत. पिशाच्चाला आतून कुणी बोलावल्याशिवाय घरात येता येत नाही, हा त्या चित्रपटांमधला नियम. तो यांनी स्वतःला लावून घेतला होता. आमचे मॅनेजर एकदा वैतागून म्हणाले, “अहो साहेब, या ना, रोज काय अक्षता वाटायच्या का?” त्यावर आत येत ते शांतपणे म्हणाले, “बोलावलंत, आता जबाबदारी तुमची.” त्यांच्या मते भयपटात घाबरण्यासारखे पिशाच्च नसतेच. ते बिचारे दारात उभे असते. ‘या’ म्हणणारा घरातलाच असतो.

बसमध्ये त्यांचे नाव ‘भूतसाहेब’ पडले होते. मोशीचे एक जुने फिटर होते, तिथल्याच गावातले, ते मागच्या बाकावरून ओरडत, “ओ भूतसायेब, आमच्या आळीत बी हाय की एक, पिंपळाखाली! त्येला कुनी पिक्चरमदी घेईना व्हय?”

“त्याला विचारून बघा,” हे वळूनही न बघता म्हणत, “घ्यायला माझी हरकत नाही.”

सगळे हसत. मीही हसत असे.

त्यांच्या सुचवण्यामुळे कुणाचे भले झाल्याचे मी एकदा पाहिले. बीडकडचा एक वेल्डर होता. सतत रात्रपाळी मागून घेई, कारण त्याचे पैसे थोडे जास्त मिळत. कधीतरी पाळी बदलली की आमच्या बसला येई. सारखा झोपाळलेला, चिडका. त्याला यांनी त्या गढीतल्या सरदाराचा चित्रपट सांगितला, आणि वर हेही सांगितले की एकट्याने बघू नका, बायकोला बरोबर घ्या. पुढच्या वेळी तो भेटला तो हसतच.

“कुठं थांबवलात?”

“म्या कशाला थांबवतोय, बायकूनंच थांबवला! त्यो पेटीतून उठतोय आन् समदे घाबरून भिंतीला लागत्यात, तितं. म्हणली, आवं, हे तर तुमीच की. बिचारं लेकरू, ह्याला कुनी जेवाया वाढीना का?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “त्या दिसापून दुपारी उठलो की च्या ठिवती पुढं. आदी भांडी आपटायची.”

हे ऐकताना यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरलेलो नाही. आणि त्याच आठवड्यात, बहुधा त्या आनंदाच्या भरात, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

चाकणच्या चौकात वाहतूक तुंबली होती. पुढे कंटेनर आडवा झाला होता. बस बंद करून ड्रायव्हर अन्वरभाई खाली उतरले होते. बाकीचे डुलक्या घेत होते. यांनी खिडकीबाहेर बघतच बोलायला सुरुवात केली.

त्यांचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात कायम रात्रपाळीला होते. घर म्हणजे चाळीतली एक खोली. सकाळी वडील येत, आणि आई खिडकीवर गोधड्या टांगे. मग संध्याकाळपर्यंत त्या खोलीत रात्र. मुलांनी कुजबुजायचे, पेला ठेवताना खाली फडके ठेवायचे. दिवेलागणीला वडील उठत. पांढरे पडलेले, डोळे लाल. त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत आईसुद्धा त्यांच्याशी बोलत नसे. “आमचा दिवस संपायचा तेव्हा तो माणूस उठायचा,” ते म्हणाले. “आम्ही त्याला नीट उजेडात पाहिलेलंच नव्हतं.” म्हणून एका दुपारी त्यांनी गोधडीचा कोपरा हळूच उचलला. वडील उजेडात कसे दिसतात, एवढेच बघायचे होते. उन्हाची तिरीप थेट झोपलेल्या तोंडावर पडली. वडिलांनी हात डोळ्यांवर घेतला आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, माणसाचा वाटणार नाही असा. ते रागावले नाहीत. नुसते भिंतीकडे वळले.

“पुढं थोरल्या मामानं पिशाच्चाचा पहिला चित्रपट दाखवला. शेवटी कुणीतरी पडदा ओढतं आणि त्याच्यावर ऊन पडतं. सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं. शेजारी, मी एकटा रडत होतो.” बस सुरू झाली तेव्हा ते म्हणाले, “घरी मी हे कधी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.”

  ऐकताना मनात जे आले ते आज प्रामाणिकपणे लिहायला हवे. मला त्यांचा हेवा वाटला. माझे वडील पोस्टात कारकून होते. रात्री नऊला झोपत, सकाळी वेळेवर उठत, जेवताना वर्तमानपत्र वाचत. त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही असे मी समजत आलो होतो.

त्यानंतरच्याच थंडीत एका सकाळी इंद्रायणीच्या पुलाअलीकडे इतके धुके पडले की अन्वरभाईंनी बस कडेला घेतली. काचेबाहेर काही म्हणजे काही नव्हते. खिडकीशी बसलेले हे उभे राहिले. एरवी ते शेजाऱ्याशीच बोलत. त्या दिवशी पहिल्यांदा अख्ख्या बसशी बोलले.

“अन्वरभाई, तेवढी गाणी बंद करा. मंडळी, मोबाइल जरा खाली ठेवा. हे बघा. एवढं धुकं करायला सिनेमावाल्यांना केवढी यातायात करावी लागते. आपल्याला फुकट मिळालंय. थोडा वेळ कुणी बोलू नका. आणि पुलाकडं बघत राहा. तिकडून कुणीतरी चालत येतंय असं वाटेल. कोण येतंय, ते ज्यानं त्यानं आपलं आपण बघायचं.”

अन्वरभाईंनी खरोखर गाणी बंद केली. बस शांत झाली. मीही पुलाकडे बघू लागलो, आणि मला खरेच वाटले की छत्री काखेत धरून कुणीतरी हळूहळू येत आहे. माझे वडील तशी छत्री धरत. क्षणभरच. मग मागच्या बाकावरून कुणीतरी कोल्ह्यासारखी लांबलचक आरोळी दिली, आणि बसमध्ये हशा फुटला. लोक बाकांवर हात आपटून हसत होते. “बसा भूतसाहेब, राव, कंपनी अर्धा दिवस कापेल आन् तिथं बसंल खरं भूत मानगुटीवर!” ते खाली बसले. खिडकीकडे तोंड केले. मी हसत होतो, इतरांइतकाच मोठ्याने, आणि समोर काच होती. धुक्यामुळे तिच्यात आरशासारखे दिसत होते. त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितले. मग खिशातून रुमाल काढून काच पुसली.

त्यानंतरही ते मला चित्रपट सुचवत राहिले. ‘कुठं थांबवलात’ विचारत राहिले. वागण्यात तसूभर फरक पडला नाही. पुढे ते निवृत्त झाले. मी फोन करीन म्हणालो आणि केला नाही.

आम्ही पुनावळ्यात राहायला आलो तेव्हा सोसायटीत कुणी कुणाला ओळखत नव्हते. कुणी नागपूरचे, कुणी कोकणातले, कुणी लातूरचे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने विचारले, रविवारी बघायला एखादा भीतिदायक पिक्चर सुचवा. मी लिहिले, आधी सांगा, तुम्हाला कशाची भीती वाटते? पाचदहा मिनिटांत माझ्या प्रश्नाला इतकी उत्तरे आली की आमच्या सोसायटीत एवढी माणसे राहतात हे मला तेव्हा कळले. मी एकेकाला चित्रपट सांगत गेलो. दुपारी बघा. कुकरची शिट्टी. तपकिरी अंधार. शब्द जसेच्या तसे येत होते. इतकी वर्षे शेजारी बसून ते माझ्या जिभेवर बसले होते. कुणीतरी विचारले, दुपारीच का? मी लिहिले, एका घरात वडील रात्रपाळीला होते, आई खिडकीवर गोधड्या टांगायची. आणि ती सगळी गोष्ट लिहिली. लिहिताना ‘माझे’ असे मी म्हटले नव्हते, ‘एका घरात’ असेच म्हटले होते. शेवटी एका बाईंनी विचारले, “तुमचेच वडील ना?”

मी अंगठा पाठवला.

एवढेच केले. एक अक्षर लिहिले नाही. पण त्या अंगठ्याने मला क्लबहाऊस मिळाले, माइक मिळाला, ‘सर’ ही पदवी मिळाली. गोष्ट दर वेळी सांगावी लागे. सांगता सांगता ती माझ्या अंगाला बसली. गोधडीचा रंग मी स्वतः घातला, हिरवा. आईने मला जवळ घेतल्याचे घातले. टाळ्या वाजणाऱ्या थिएटरात रडणारा मुलगा मी झालो. एकदा तर सांगताना माझ्या डोळ्यांत खरेच पाणी आले. समोरच्या बायकाही डोळे पुसत होत्या. घरी येऊन मी भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघितले नाही. घरातल्या कुणाचा फोटो बघायला नको वाटतो, हा प्रश्न मला तेव्हा आठवला.

मग गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मी माइक हातात घेतला आणि दाराकडे लक्ष गेले. उंबरठ्याबाहेर ते उभे होते. केस पूर्ण पांढरे झाले होते, उंची तीच. शेजारी त्यांची सून, त्यांचा हात धरून. ती मंडळी नुकतीच शेजारच्या इमारतीत राहायला आली होती, हे नंतर कळले.

“चला ना बाबा, आत बसू या,” सून म्हणत होती. “अहो, सगळ्यांसाठी आहे हे. फुकट आहे.”

ते हलले नाहीत. माझ्याकडे बघत उभे राहिले. ते कशाची वाट बघत आहेत, हे त्या खोलीत एकट्या मला कळत होते. आणि ‘या’ असे मी म्हणालो नाही तर ते तसेच परत जातील, हेही कळत होते. मी आधी माइक तपासत राहिलो, हे लपवणार नाही. मग माइकमधूनच म्हणालो, “या, आत या.”

ते आले आणि तिसऱ्या रांगेत बसले.

मी चित्रपटाविषयी काहीतरी बोललो, लवकर आवरते घेतले. पण आमच्या सेक्रेटरीबाई उठल्या. “सर, असं चालणार नाही. नवीन लोक आलेत आज. ते तुमच्या वडिलांचं सांगा ना, गोधडीचं. त्याशिवाय मजा नाही.” दोघातिघांनी दुजोरा दिला. मी त्यांच्याकडे बघितले. ते इतर नवीन लोकांसारखेच पुढे झुकून, उत्सुकतेने ऐकायला बसले होते.

मी सांगितली. त्यांच्यासमोर त्यांचे वडील माझे म्हणून सांगितले. हिरवी गोधडीसुद्धा सोडली नाही. तिच्या उल्लेखाला त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या; रंगविभागातला माणूस. बाकी चेहरा स्थिर होता.

चित्रपट संपल्यावर प्रश्नोत्तरे असतात. त्यांनी हात वर केला.

“मला एखादा सुचवाल का?”

“अवश्य,” मी म्हणालो.  “तुम्हाला कशाची भीती वाटते?”

“आता कशाची नाही वाटत. पूर्वी वाटायची. आपण बोललेलं कुणी ऐकणारच नाही, याची.”

लोक कौतुकाने त्यांच्याकडे बघत होते. मी त्यांना बेटावरच्या घराचा चित्रपट सुचवला, ओल्या पावलांचा. त्यांनीच मला सर्वांत आधी सांगितलेला.

“बघतो,” ते म्हणाले. “दुपारीच ना?”

“बघा, आजोबा लगेच शिकले!” सेक्रेटरीबाई म्हणाल्या, आणि सगळे प्रेमाने हसले.

लिफ्टपाशी मी त्यांना गाठले. “साहेब, मी…”  त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता, हेच मला सोसत नाही. “शेजारी, लोक किती शांत बसून ऐकतात हो. बसमध्ये हसायचे.” तेवढ्यात सून आली.

नंतरचे दिवस मी त्यांच्या इमारतीवरून जायचे टाळले. बायकोला सगळे सांगितले. ती म्हणाली, “मग सांगून टाका सगळ्यांना. कुणी फासावर देणार नाही.” तिचे म्हणणे योग्य होते. पुढच्या बैठकीला मी उभा राहिलो आणि म्हणालो, “आज एक कबूल करायचं आहे. मी इथं जे बोलतो, ती वाक्यं माझी नाहीत. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांची आहेत. दुपारी बघायचं, कुकर, अंधाराचा रंग, सगळं त्यांचं. मी नुसता शेजारी बसून ऐकलं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “याला म्हणतात मोठेपणा! आजकाल कोण श्रेय देतं हो दुसऱ्याला?” त्यांची सून खास पुढे येऊन म्हणाली, “सर, किती नम्र आहात तुम्ही.” जे फेडायला गेलो होतो त्यातही माझ्याच पदरात भर पडली. तिसऱ्या रांगेत तेही टाळ्या वाजवत होते. चित्रपट संपायच्या आधीच ते उठून गेले.

काल शनिवार नसता तर कदाचित मी त्यांच्याकडे गेलोही नसतो, कारण कामाचे निमित्त असते. दुपारी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. दार उघडे होते. आत खिडकीला जाड चादर लावलेली, टीव्ही बंद, आणि ते खुर्चीत बसलेले. त्यांनी मला बघितले. मी उंबरठ्याबाहेर थांबलो. पाय उचलेना. इतकी वर्षे ज्या खोडीला आम्ही हसलो ती आपोआप माझ्या पायांत आली होती.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “या.”

मी बसलो. म्हणालो, “साहेब, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्ही होतातच.”

“हो. ऐकलं.” मग त्यांनी जुन्याच स्वरात, सोमवारी बसमध्ये चढल्यावर विचारत तसे विचारले, “कुठं थांबवलंत?”

उत्तर मला ठाऊक होते. टाळ्या वाजत असतानाही ठाऊक होते.

“वडिलांपाशी,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. चादरीच्या कडेने थोडे ऊन आत येत होते; त्यांनी उठून ती कड नीट केली. “पुढं बघायचं तर तिथूनच,” पाठमोरेच ते म्हणाले. “मागं न्यायचं नाही.”

“सगळ्यांसमोर?”

“माझ्या वडिलांना तुम्ही सगळ्यांसमोरच नेलंत की. ते तर घरच्यांनासुद्धा तोंड दाखवायला लाजायचे.” आवाज त्यांनी चढवला नाही. पुन्हा खुर्चीत बसले. “आणि गोधडी हिरवी नव्हती. आईच्या जुन्या लुगड्यांची होती, विटकी. कुठला एक रंग सांगता येणार नाही.”

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“तुमचे वडील काय करायचे, शेजारी? खरे वडील.”

“पोस्टात होते. कारकून. रात्री नऊला झोपायचे. छत्री काखेत धरायचे. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही…”

त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि डोळे मिटले. मोशी आणि चाकणच्या दरम्यान मिटत तसे.  बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

“आहे,” डोळे उघडून ते म्हणाले. “त्यांच्यासाठी एक आहे माझ्याकडं. फार चांगला आहे.”

“कुठला?”

“रविवार होऊ द्या. मग सांगतो.”

आज सकाळी सेक्रेटरीबाईंचा निरोप आला. दुपारी तीन नवीन कुटुंबे येणार आहेत. सरांनी वडिलांची गोष्ट त्यांच्यासाठी पुन्हा एकदा सांगावी, सगळ्यांचा आग्रह आहे. खाली फुलांची चित्रे होती. बोट सवयीने अंगठ्यावर गेले. मी ते काढून घेतले आणि अक्षरांत लिहिले, “सांगतो. कुणाच्या वडिलांची, तेही सांगतो.”